कॉलेजात रायटिंग ट्यूटर म्हणून बसतो, पण सगळे "लिहूनच दे ना दादा" म्हणतात, काय करू?

बर्डीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. नागपूरचाच आहे, एम.ए. करून राहिलो (मराठी). आमच्या कॉलेजात यंदा जुलैपासून लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर "लेखन कक्ष" सुरू केलाय. नाव भारी आहे, बाकी एक टेबल, चार खुर्च्या, एक न चालणारा कूलर आणि आम्ही तिघं सिनियर. ज्युनियर पोरांनी आपलं असाइनमेंट, प्रोजेक्ट, अर्ज जे काय असेल ते घेऊन यायचं आणि आम्ही अर्धा तास बसून मदत करायची, मराठी किंवा इंग्रजी दोन्ही. मानधन तासावर आहे, कधी मिळतं ते विचारू नका.

ट्रेनिंग वगैरे काही झालं नाही. मॅडम म्हणाल्या तुझं लेखन चांगलं आहे, तू बस. मी बसलो. आणि दोन घोळ केले.

पहिला. बी.कॉम.चा एक पोरगा प्रोजेक्ट घेऊन आला, उद्या जमा करायचा होता, म्हणाला दादा फक्त जरा नीट करून दे. मी वाचलं, काहीच लागत नव्हतं, तर मी सरळ लॅपटॉप ओढला आणि त्याची चार पानं पुन्हा लिहिली. दोन तास गेले पण खरं सांगतो मजा आली मला. आठ दिवसांनी व्हायवा झाली, सरांनी फाइल उघडून विचारलं की "अपरिहार्य" म्हणजे काय रे बाबा. पोरगा गप्प. मग त्याने माझं नाव सांगितलं. मला स्टाफरूममध्ये बोलावणं आलं, पुढचं सोडा.

त्यानंतर ठरवलं की आता लिहून द्यायचं नाही, फक्त चुका दाखवायच्या. तर दुसरा घोळ. फर्स्ट इयरची एक मुलगी आली, गोंदियाकडच्या गावातली, बारावी इथेच खोली करून केली. ईव्हीएसचा (पर्यावरण अभ्यास) प्रोजेक्ट, विषय नाग नदी. मी लाल पेन घेतला आणि पहिल्याच पानावर सत्तावीस गोल केले. ऱ्हस्व दीर्घ, ण च्या जागी न, पूर्णविराम नाही, सगळं. ती प्रत्येक गोलाला "हो दादा" म्हणत होती. शेवटी कागदाची चार वेळा घडी केली, बॅगेत टाकला आणि गेली. तीन आठवडे झाले, परत आली नाही. कॅन्टीनमध्ये दिसली तर नजर चुकवून दुसऱ्या दाराने निघून गेली.

म्हणजे लिहून दिलं तरी चूक आणि चुका दाखवल्या तरी चूक. मग त्या अर्ध्या तासात करायचं काय? कोणी असं काम केलं असेल तर सांगा. आणि हो, आता अर्धे लोक एआयने लिहिलेलं घेऊन येतात आणि म्हणतात हे "माणसासारखं" करून दे, त्याचं पण सांगा.

---

तर्री_एक्स्ट्रा

अबे भाऊ तू ट्यूटर हायेस का टायपिस्ट? चार पानं फुकट लिहून देल्ली अन वरून शिव्या खाल्ल्या. आमच्या कॉलेजच्या बाजूचा झेरॉक्सवाला तयार प्रोजेक्ट देते, नाव बदलायचं अन स्पायरल बाइंडिंग मारायची, खतम. त्याले कोणी स्टाफरूममधी नाई बोलावत.

पण ते पोरीचं वाईट वाटलं राजा. सत्तावीस गोल? मले दहावीच्या पेपरात पन एवढे नव्हते.

---

दुपारची_झोप

तर्री भाऊ 😄

मूळ प्रश्नाकडे येते. मी तीन वर्षं हे काम केलंय, धरमपेठेतल्या एका कॉलेजात, आमच्या वेळी याला काही नाव पण नव्हतं, मॅडम नुसतं "तिच्याकडे जा" म्हणायच्या. तुझे दोन्ही घोळ मी केलेत, फक्त माझा पेन हिरवा होता कारण कोणीतरी सांगितलं की लालने पोरं घाबरतात. हिरव्याने पण घाबरतात.

मला जे जमलं ते सांगते. पेन त्यांच्या हातात. तुझा पेन बॅगेत, लॅपटॉप बंद. आणि पहिली पाच मिनिटं कागदाकडे बघायचंच नाही, आधी विचारायचं की कधी द्यायचंय, सरांनी नक्की काय विचारलंय, प्रश्न दाखव. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा भानगड तिथेच असते. "तुलना करा" म्हटलेलं असतं आणि पोराने दोन्हींची माहिती एकाखाली एक लिहिलेली असते, तुलना कुठेच नाही. अशा कागदाचं शुद्धलेखन तपासणं म्हणजे चुकीच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून ठेवणं.

मग त्यालाच मोठ्याने वाचायला लाव. तू नको वाचू, तो वाचेल. जिथे तो अडखळतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो, तिथे वाक्य बिघडलेलं असतं आणि ते त्याला स्वतःलाच ऐकू येतं, तुला बोलायची गरज पडत नाही. आणि जिथे अजिबात न अडखळता गाडीसारखं सुर्रकन वाचत जातो आणि आवाजच सपाट होतो, ते बहुतेक कुठूनतरी उतरवलेलं असतं 🙂 तिथे थांबवायचं आणि म्हणायचं, बरं, हे आता न बघता मला सांग. दहापैकी आठ जण तोंडी छान सांगतात. मग म्हणायचं, हे जे बोललास ना तेच लिही, आत्ता, मी पाणी पिऊन येते. खरंच उठून जायचं. समोर बसलं की लिहीत नाहीत.

परिच्छेद जास्त असतील तर प्रत्येकाच्या बाजूला त्यालाच चार शब्दांत लिहायला लाव की हा परिच्छेद काय सांगतो. दोन ठिकाणी तेच चार शब्द आले की एक उडवायचा, कुठे काहीच लिहिता नाही आलं तर तो पण उडवायचा. हे सगळ्यात चालतं, अगदी पीएच.डी.वाल्यांना पण.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. कारण जो परिच्छेद उडणार आहे त्यातली वेलांटी सुधारून काय करणार. आणि सत्तावीस नाही, एका वेळी एकच प्रकार. सत्तावीस चुका म्हणजे सत्तावीस गोष्टी माहीत नाहीत असं नसतं, बहुतेक वेळा तीन किंवा चार नियमच पुन्हा पुन्हा चुकलेले असतात. उदा. तुझ्या त्या मुलीचा विषय नदी आहे म्हणजे पूर आलाच असेल. मी पैज लावते तिने "पुर आला" आणि "पूरात वाहून गेले" असं लिहिलंय.

---

बर्डीचा_पोरगा

ताई तुम्ही तिचा कागद बघितला होता का?? अगदी हेच आहे. दोन्ही. मी दोन्हीवर गोल मारला आणि पुढे गेलो.

---

दुपारची_झोप

नाही बघितला, सगळेच तसं करतात. गोल मारल्याने तिला काय कळणार, एकदा छोटा केला तर चूक आणि एकदा मोठा केला तरी चूक, तिला वाटलं असेल हा दादा येडा आहे. तिला असं दाखव: फूल, पण फुलात. मूल, पण मुलाला. चूल, पण चुलीवर. तसंच पूर, पण पुरात. शब्दाच्या मागे काही जोडलं की आधीचा ऊ छोटा होतो, ई चं पण तसंच, वीट आणि विटेवर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पुष्कळ शब्द हे ऐकत नाहीत, शरीर आणि शरीरात, पण ते नंतर. हे तीन मिनिटांत समजतं आणि मग म्हणायचं, या पानावर अशा किती आहेत तूच शोध. शोधायला मजा येते त्यांना, खरंच.

---

प्रतापनगर_टू_मिडवेस्ट

इथे आपल्याकडचं कोणी हे विचारतंय बघून बरं वाटलं. मी प्रतापनगरची, अमेरिकेत मास्टर्स करताना युनिव्हर्सिटीच्या रायटिंग सेंटरला दोन वर्षं ट्यूटर होते. तिकडे हा प्रकार जुना आहे, आणि तो वाढला कसा ते तुझ्या कामाचं आहे म्हणून सांगते.

१९७० साली न्यूयॉर्क शहराच्या सरकारी युनिव्हर्सिटीने शाळा पास झालेल्या कोणालाही प्रवेश द्यायचं धोरण आणलं. एकदम हजारो पोरं आली ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजला गेलं नव्हतं. लिहिता येत नव्हतं म्हणून कॉलेजांनी मदत वर्ग काढले, पण पोरं तिकडे फिरकेनात, कारण तो पुन्हा एक वर्गच होता, पुन्हा एक सर आणि पुन्हा तेच "तुझं चुकलं". तेव्हा ब्रुकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रुफी नावाच्या प्राध्यापकाने मदतीला विद्यार्थीच बसवायला सुरुवात केली. विद्यार्थी मास्तरला घाबरतो, बरोबरीच्याशी बोलतो, एवढं साधं. म्हणजे तू लाल पेन हातात घेतलास त्या क्षणी तू तिचा सिनियर राहिला नाहीस, अजून एक सर झालास. ते सर तिला खाली वर्गात आहेतच की.

आता दुपारची_झोप ताईंशी थोडं भांडते. आमच्याकडे पण नियम कडक होता, विद्यार्थ्याच्या कागदाला पेन लावायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, प्रश्नच विचारायचे. "तुला काय वाटतं?" "इथे तुला काय म्हणायचंय?" हे इंग्रजी घरात बोलणाऱ्या पोरांना ठीक आहे. पण चीन, कोरिया, आपल्याकडून आलेली पोरं वैतागायची. मी स्वतः पहिल्या सेमिस्टरला मदत घ्यायला गेले होते, आर्टिकलचा प्रॉब्लेम होता, "द" कुठे लावायचं आणि कुठे नाही. ट्यूटर मला विचारते, तुला काय बरोबर वाटतं? अगं बाई मला वाटलं असतं तर मी आले असते का तुझ्याकडे! चौथ्यांदा विचारल्यावर मला रडू आलं होतं.

म्हणून मी ट्यूटर झाल्यावर असं करायचे की जे त्याच्या डोक्यात आहे ते त्याच्याकडून काढायचं, आणि जे त्याच्या डोक्यात असणंच शक्य नाही ते सरळ सांगून टाकायचं, लपंडाव खेळायचा नाही. त्याचा मुद्दा काय हे त्यालाच माहीत, ते विचार. पूर पुरात माहीत नाही, तर सांग.

एआयवाल्यांचं: "माणसासारखं करून दे" ला नाही म्हण, ते तुझं काम नाही. पण हाकलू नको. त्यातलं एक वाक्य निवड आणि विचार, हे तू कुठे पाहिलंस, कोणाचं, कधी. एकाचंही उत्तर आलं तर तिथून लिहायला सुरुवात करायची.

---

खडू_आणि_डस्टर

मी शिकवतो, वीस वर्षं झाली. टेबलाच्या पलीकडून दोन शब्द.

पहिलं म्हणजे आम्हाला कळतं. तुला स्टाफरूममध्ये बोलावणाऱ्या सरांना "अपरिहार्य"मुळेच कळलं असेल असं नाही. एका फाइलमध्ये दोन आवाज आले की दिसतंच, पहिल्या पानावर पोरगा आणि दुसऱ्यावर एम.ए. मराठी.

दुसरं, ते ण आणि न. तुझी ज्युनियर "पानी" लिहिते कारण तिच्या घरी पानी म्हणतात. आपल्याकडे अर्ध्या विदर्भात डोळ्याला डोया म्हणतात, त्यात बिघडलं काही नाही. तू स्वतः वर पहिल्या ओळीत "करून राहिलो" लिहिलंस, पुण्यात कोणी त्यावर गोल मारला तर तुला कसं वाटेल? तिला असं सांग की घरची बोली आणि फाइलची भाषा ही दोन कपडे आहेत, एक धुवायचा आणि एक फेकायचा असं नाही. आणि तिच्या प्रोजेक्टमध्ये जर कोणाची मुलाखत असेल तर ती माणसं जशी बोलली तशीच अवतरणात ठेवायला सांग. आजी "पानी घरात घुसलं" म्हणाली असेल तर ते तसंच छापायचं, तिथे ण केला तर ती चूक.

---

तर्री_एक्स्ट्रा

सर रागवू नका पन मंग इंटर्नलले मार्क काऊन कापता?

---

खडू_आणि_डस्टर

कापतो. रागवत नाही, प्रश्न बरोबर आहे. साठ फाइली, दोन दिवस, आणि वरून भाषेसाठी मार्क ठेवलेले असतात. वेलांटी मोजणं सोपं पडतं, विचार मोजायला फाइल पूर्ण वाचावी लागते. म्हणूनच म्हणतो की त्या पोरीला तो नियम शिकवाच, माझ्यासारख्यांपासून वाचायला तरी. फक्त तिला हे पण कळू द्या की मार्क कशाचे कापले जातात.

---

बर्डीचा_पोरगा

मंडळी अपडेट देतो, उशीर झाला कारण मध्ये आमच्या परीक्षा होत्या.

तिच्या मैत्रिणीकडून निरोप पाठवला की मागच्या वेळी माझं चुकलं, एकदा ये, पेन आणणार नाही. बुधवारी आली. दारातूनच विचारलं, "दादा लाल पेन?" मी बॅग उघडून दाखवली.

मग वाचायला सांगितलं. "पाणी हे जीवन आहे. जलप्रदूषण ही आज संपूर्ण जगाला भेडसावणारी समस्या आहे." सुर्रकन. सपाट आवाज. ताई, तुम्ही सांगितलं तस्सं. मी म्हटलं हे कुठलं? ती म्हणाली झेरॉक्सवाल्याकडे फाइल होती (तर्री भाऊ, तुझाच माणूस बहुतेक). पुढे होतं की नाग नदी वाडीजवळ लाव्हा गावाच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून शहरात येते आणि पुढे कन्हानला मिळते. बरोबर आहे पण सगळ्यांच्या फाइलीत हेच असतं. मी विचारलं, तू पाहिलीस का नाग नदी?

ती हसली. "दादा, नदी माझ्या खोलीत आली होती."

२३ सप्टेंबर २०२३. ती तेव्हा बारावीला होती, कॉर्पोरेशन कॉलनीकडे चार जणी मिळून तळमजल्यावर एक खोली. तुम्हा नागपूरवाल्यांना ती रात्र आठवत असेलच, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस आणि अंबाझरी ओसंडली. ती म्हणाली, आधी वाटलं कोणी दार वाजवतंय, एवढ्या रात्री कोण, घाबरून कोणी उठेना. मग पाय खाली टाकला तर पाणी. आणि वाजत होता तो गॅस सिलिंडर, तरंगून दारावर आपटत होता, टक, टक. उजाडेपर्यंत चौघी घरमालकाच्या जिन्यावर बसून. हिच्या मांडीवर दप्तर होतं पण केमिस्ट्रीची वही खालीच राहिली. ती वही नंतर पंख्याखाली वाळवली तर तिचा पापड झाला म्हणे, अजून ठेवलीय.

मी म्हटलं हे लिही. म्हणाली, हे प्रोजेक्टमध्ये चालतं? मला खरंच माहीत नव्हतं, मी म्हटलं मॅडमला विचारून ये, ती विचारून आली, चालतं. मग मी पाणी प्यायला गेलो. वीस मिनिटं फिरत बसलो लायब्ररीत, आत डोकावायचा खूप मोह होत होता. परत आलो तर दीड पान. "पाणी हे जीवन आहे" खोडलं होतं, मी सांगितलं नव्हतं. सुरुवातच सिलिंडरपासून केलेली. घरमालकीणबाई जे बोलल्या ते अवतरणात, "पोरीहो वर या, सामान राहू द्या" असं.

एक ठिकाणी मी घसरलो. तिने लिहिलं होतं "पाणी खूप थंड होतं आणि वास येत होता", माझ्या तोंडून निघून गेलं की "दुर्गंधी" लिही ना. ती म्हणाली, दादा वासच येत होता. मी गप्प बसलो.

पूर पुरातचा नियम शेवटी सांगितला, फूल फुलात करून. पान उलटसुलट करून तिने नऊ शोधल्या. मी मनात अकरा मोजल्या होत्या, दोन सोडून दिल्या. तारीख लांब आहे, पुढच्या वेळी बघू. प्रतापनगरवाल्या ताई, "कॉर्पोरेशन"चं स्पेलिंग मात्र सरळ सांगून टाकलं, लपंडाव नाही खेळलो.

आता नवीन लफडं. आज ती खोलीतल्या दोघींना घेऊन आली, जिन्यावर बसलेल्यांपैकीच. एकीचा तोच विषय, तिला पण सिलिंडरपासूनच सुरू करायचंय. आणि दुसरीचा प्रोजेक्ट उद्या अकरा वाजता जमा करायचाय, तिच्याकडे फक्त कव्हर पेज आहे, रंगीत प्रिंट काढलेलं. ती समोर बसलीय आत्ता, माझ्या लॅपटॉपकडे बघतेय. काय करू पटकन सांगा.

---

तर्री_एक्स्ट्रा

लॅपटॉप बंद कर बे पैले.